आखेनहून रात्री दोनला फोन आला, तर इथे उचलणार कोण? परदेशी अभ्यासदौऱ्याची आणीबाणीची तयारी

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी. आमच्या अभियांत्रिकीच्या २६ विद्यार्थ्यांचा गट (त्यात ११ मुली) आणि ३ शिक्षक जुलैमध्ये तीन आठवड्यांच्या उन्हाळी वर्गासाठी जर्मनीत आखेनला जाणार आहेत. मुंबई ते ड्युसेलडॉर्फ दुबईमार्गे विमानाने, पुढे बसने. व्हिसाची कामं मार्गी लागली आहेत, विम्याची कोटेशनं आली आहेत.

आणीबाणीचा आराखडा म्हणून फाइलीत सध्या तीनच कागद आहेत: दोन पानी सूचना, पालकांचं हमीपत्र आणि विभागप्रमुखांचा मोबाइल नंबर. एवढ्यावर लोकांची मुलं सातासमुद्रापार पाठवणं मला पटत नाही. विद्यापीठात नेमकी काय यंत्रणा उभी करावी, कोणाला कोणते अधिकार असावेत, विमा घेताना काय तपासावं आणि या सगळ्याची तालीम कशी घ्यावी? शिवाय जुलै म्हणजे आपल्याकडे पुराचे दिवस. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सातारी_प्रशासक

सर, प्रश्न वेळेवर विचारलात. हमीपत्रापासून सुरुवात करतो. पालकांकडून काहीही लिहून घेतलं तरी निष्काळजीपणाची जबाबदारी त्याने टळत नाही. विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात आवाराबाहेरच्या सहलीही येतात. त्याच वर्षीच्या लैंगिक छळ प्रतिबंधक विनियमांनुसार अभ्यासदौऱ्याचं ठिकाण आणि प्रवासाचं वाहनही 'आवारात' मोडतं. म्हणजे तक्रार आखेनमध्ये झाली तरी आपल्या अंतर्गत तक्रार समितीला ती घ्यावीच लागते. समितीच्या अध्यक्षांचा थेट नंबर सगळ्या मुलामुलींकडे हवा. तो शिक्षकांमार्फत मिळणार असेल तर उपयोग नाही, कारण तक्रार शिक्षकाविरुद्धही असू शकते.

आता मुख्य मुद्दा. संकट तिकडे येतं, पण गाडी बहुतेक वेळा इकडे अडते. जर्मनीत ११२ फिरवला की रुग्णवाहिका येते. पण दवाखाना पैशांची हमी मागतो, विमा कंपनी पॉलिसी नंबर मागते, आई-बापांना कळवायचं असतं, आणि आपल्याकडे त्या वेळी रात्रीचे दोन वाजलेले असतात. जुलैत जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. आपले दोन म्हणजे त्यांचे साडेदहा, मुलं बाहेरून परतायची वेळ.

म्हणून पहिली गोष्ट ड्युटी फोन. कोणाचाही खासगी नंबर नको. विद्यापीठाच्या नावावर दोन वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम आणि दोन हँडसेट घ्या. एक ड्युटी अधिकाऱ्याकडे, दुसरा राखीव अधिकाऱ्याकडे. पाळी आठवड्याची, बदल सोमवारी सकाळी १० वाजता समोरासमोर, वहीत दोघांची सही. या फोनवर अनोळखी कॉल अडवणारं कुठलंही ॲप ठेवू नका. परदेशी नंबर अशा ॲपमध्ये हमखास अडकतात आणि नेमका दवाखान्याचा फोन वाजतच नाही. तिन्ही शिक्षकांचे तिकडचे नंबर आधी साठवून त्यांना वेगळी रिंगटोन लावा.

दुसरी गोष्ट अधिकार, आणि सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथेच. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तातडीच्या प्रसंगी निर्णय घ्यायचा अधिकार कुलगुरूंना आहे. तुमचं विद्यापीठ अभिमत किंवा खासगी असेल तर तुमच्या नियमांत पाहा. पण रात्री दोनला फोन कुलगुरू उचलत नाहीत, एखादा सहायक कुलसचिव उचलतो. त्याच्याकडे अधिकार नसेल तर तो सकाळी अकरापर्यंत थांबतो. यासाठी दौऱ्याआधी व्यवस्थापन परिषदेत ठराव करून घ्या: ड्युटी अधिकाऱ्याने पूर्वपरवानगीशिवाय ५ लाख रुपयांपर्यंत खर्च करावा, ७२ तासांत लेखी अहवाल द्यावा, आणि सद्हेतूने केलेल्या खर्चाबद्दल त्याला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाणार नाही. शेवटचं कलम गाळू नका. ते नसेल तर माणूस सही करायला कचरतो.

तिसरी गोष्ट पैसा. बँकेतून परदेशी रक्कम पाठवायला ए-२ फॉर्म लागतो. रविवारी आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बँक बंद, आणि धनादेशावर दोन सह्या लागत असतील तर त्यातला एक अधिकारी रजेवर. त्यामुळे पैसा आधीच तिकडे हवा. गटप्रमुखाकडे ३,००० युरोचं राखीव फॉरेक्स कार्ड ठेवा, रोजच्या खर्चाच्या कार्डापासून वेगळं. दुसऱ्या शिक्षकाकडे ५०० युरो रोख. शिवाय विद्यापीठाचं एक क्रेडिट कार्ड असावं. नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, ते ॲपमधून चालू करावे लागतात आणि मर्यादा वाढवावी लागते. हे मुंबई सोडण्याआधी करा, कारण त्यासाठीचा ओटीपी भारतीय सिमवर येतो. मुलांनाही सांगा की तिकडचं सिम घेतलं तरी भारतीय सिम रोमिंगवर चालू ठेवायचं.

चौथी गोष्ट घरच्यांचे नंबर. अर्जातल्या 'पालकांचा मोबाइल' या रकान्यात पुष्कळदा मुलाचंच दुसरं सिम निघतं. २६ घरांना विद्यापीठातून स्वतः फोन लावून खात्री करा. प्रत्येकाचे दोन संपर्क घ्या आणि ते दोन वेगळ्या गावांतले घ्या. एक शिराळ्याचे वडील, तर दुसरे पुण्याचे मामा. दोन्ही लागले नाहीत तर गावच्या पोलीस पाटलांमार्फत निरोप देता येतो. त्यांचा नंबरही यादीत असू द्या, पण तो शेवटचा उपाय.

आणि नोंदवही. प्रत्येक फोनची वेळ भारतीय आणि जर्मन अशा दोन रकान्यांत लिहा: कोण बोललं, काय ठरलं, पुढचा फोन किती वाजता. पाळी बदलली की वही बोलते, नाहीतर नवा अधिकारी पालकांना पुन्हा तेच प्रश्न विचारतो.

विमा_खिडकी

विम्याबद्दल लिहितो.

शेंगेन व्हिसासाठी (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकत्रित व्हिसा) किमान ३०,००० युरोचं संरक्षण लागतं. ही व्हिसाची अट आहे, गरजेचं माप नव्हे. अतिदक्षता विभाग, एक मोठी शस्त्रक्रिया आणि स्ट्रेचरवरून परत आणणं एवढ्यात ती रक्कम संपू शकते. गटासाठी माणशी किमान १ लाख डॉलरचं संरक्षण घ्या. प्रीमियममध्ये पडणारा फरक एकूण खर्चाच्या मानाने थोडा असतो.

स्ट्रेचरचा खर्च का मोठा, तेही कळावं. साध्या प्रवासी विमानात स्ट्रेचर बसवायला इकॉनॉमीच्या सहा ते नऊ जागा अडवाव्या लागतात, सोबत डॉक्टर किंवा नर्स लागते, आणि एअरलाइनच्या वैद्यकीय विभागाने मेडिफ नावाचा, रुग्णाच्या प्रकृतीची माहिती देणारा फॉर्म मंजूर केल्याशिवाय तिकीट निघत नाही. मंजुरीला दोन-तीन दिवस धरा.

पॉलिसी हातात आली की वगळलेल्या गोष्टींचं पान आधी वाचा. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात, साहसी खेळ, आधीपासूनचा आजार आणि स्वतःला करून घेतलेली इजा या सहसा बाहेर असतात. आधीच्या आजारात निदान जीव वाचवण्यापुरते उपचार देणारी पॉलिसी निवडा. मुलांच्या पालकांनाही हे पान मराठीत समजावून सांगा.

दाखल करायची वेळ आली तर आधी विम्याच्या असिस्टन्स कंपनीला, म्हणजे विमा कंपनीने परदेशातल्या मदतीसाठी नेमलेल्या कंपनीला फोन. त्यांच्याकडून दवाखान्याला पैशांच्या हमीचं पत्र जातं, तेव्हा कॅशलेस होतं. जीव धोक्यात असेल तर आधी दवाखाना, पण २४ तासांत कळवायचंच. दाखल न होता केलेल्या बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे साधारणपणे आपण भरायचे आणि नंतर मागायचे. त्यासाठी निदान लिहिलेला कागद आणि बिल दोन्ही हवेत. नुसत्या कार्डाच्या पावतीवर दावा अडकतो.

आणखी एक. परदेश प्रवासाचा विमा सांगली ते मुंबई बसला सहसा लागू नसतो. पावसाळ्यात, रात्री, खंबाटकी आणि बोरघाट ओलांडून जाणारी ती बस हा या दौऱ्यातला खरा धोक्याचा टप्पा आहे. त्यासाठी वेगळा गट अपघात विमा, दोन चालक आणि विमानाच्या वेळेआधी किमान पाच-सहा तासांचा मोकळा अवधी ठेवा.

मिरजेची_मेट्रन

आजारांची माहिती निवड झाल्यावरच मागा, निवडीच्या अर्जात नको. अर्जात विचारलं की मुलं फिट येणं, दमा, जुना नैराश्याचा त्रास हे सगळं लपवतात, कारण नाव कापलं जाईल अशी भीती असते. निवड पक्की झाल्यावर विद्यापीठाच्या डॉक्टरांनी एकेकाला एकट्याने भेटावं, आई-बाबाही बाहेर. माहिती बंद पाकिटात. एक पाकीट सोबतच्या शिक्षिकेकडे, एक इथे ड्युटी अधिकाऱ्याकडे. पाकीट उघडलं तर का उघडलं याची नोंद.

जर्मनीत डॉक्टर रुग्णाची माहिती तिसऱ्या माणसाला देत नाहीत, आणि १८ वर्षांवरच्या मुलाच्या बाबतीत आई-वडीलसुद्धा कायद्याने तिसरेच. म्हणून प्रत्येकाकडून इंग्रजी आणि जर्मन अशा दोन्ही भाषांत संमतीपत्र सही करून घ्या: माझी प्रकृती अमुक शिक्षकांना, अमुक अधिकाऱ्यांना आणि माझ्या घरच्यांना सांगावी. हा कागद नसेल तर आपण दवाखान्याच्या दारात उभे असतो आणि आत काय चाललंय ते कळत नाही. कोणी १७ वर्षांचं असेल तर पालकांचं उपचारासंबंधीचं संमतीपत्र नोटरी करून सोबत द्या.

औषधं मूळ स्ट्रिपमध्येच न्यायची, डबीत सुटी काढून नाही. सोबत लेटरहेडवर चिठ्ठी, त्यावर कंपनीचं नाही तर औषधाचं मूळ नाव. रोजची औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन तर चेक-इन सामानात कधीच नको, तिथे ते गोठू शकतं. तुमचा मार्ग दुबईचा आहे, म्हणून कोडीनचं खोकल्याचं औषध आणि ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक बरोबर नको. दोन्ही तिथे नियंत्रित आहेत. खसखससुद्धा तिथे बंद आहे. आपल्या घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस असते आणि प्रत्येक आई एक डबा भरून देतेच. पालक सभेत हे स्पष्ट सांगा. कंदी पेढे आणि तूपही नको. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत.

२९ माणसं आणि तीन आठवडे या हिशेबाने पेटीत ओआरएसची ४० पाकिटं, पॅरासिटामॉल ५०० च्या १०० गोळ्या, सेटिरिझिन ३०, क्रेप बँडेज ४, डिजिटल थर्मामीटर २, निर्जंतुक गॉज आणि चिकटपट्टी. अँटिबायोटिक शिक्षकांनी द्यायचं नाही. तिकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळतही नाही. जिवावरचं नसेल, म्हणजे ताप, जुलाब, कान दुखणं, तर रात्री ११६११७ वर फोन करून ड्युटीवरचा डॉक्टर मिळतो. ११२ खऱ्या तातडीसाठी.

खोलीतून बाहेर न येणारं, जेवण टाळणारं मूल हीसुद्धा आणीबाणी समजा. समुपदेशकाशी त्याच दिवशी व्हिडिओ कॉल जुळवून देणं हे ड्युटी अधिकाऱ्याच्या कामांच्या यादीत लिहा.

कृष्णाकाठ_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. मसाल्याचं तर डोक्यातही आलं नव्हतं. तीन गोष्टी राहिल्या. मुलं शनिवार-रविवारी पॅरिस, ॲमस्टरडॅमला जाणारच, त्याचं काय? पासपोर्ट हरवला तर? आणि विचारायला जीभ रेटत नाही, पण मृत्यू झाला तर विद्यापीठाने काय करायचं?

कराडचा_प्रवासकक्ष

आखेन तीन देशांच्या सीमेवर आहे, बेल्जियम आणि नेदरलँड्स हाकेच्या अंतरावर. बंदी घातलीत तर मुलं न सांगता जातील. त्यापेक्षा नोंदणी करून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत कोण, कुठे, कोणासोबत, कुठल्या गाडीने, राहायचं कुठे आणि परत कधी. एकट्याने जायचं नाही, किमान तिघं. रविवारी रात्री ९ ला हजेरी. ती 'आलो' अशा मेसेजवर घेऊ नका, समोर तोंड दिसलं पाहिजे. ११२ हा नंबर युरोपीय संघात सगळीकडे चालतो, पण वकिलात बदलते. आखेन फ्रँकफर्टच्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या हद्दीत येतं. ब्रसेल्समध्ये काही झालं तर ब्रसेल्सचा दूतावास, नेदरलँड्समध्ये हेगचा, फ्रान्समध्ये पॅरिसचा. चारही नंबर एकाच कार्डावर छापून लॅमिनेट करा. फोन चोरीला गेल्यावर फोनमधली यादी काय कामाची?

परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर विद्यार्थ्यांची नोंदणी करता येते, ती करा. शिवाय फ्रँकफर्टला आधी एक मेल पाठवा: गटाची यादी, तारखा, राहण्याचा पत्ता आणि दोन्हीकडचे संपर्क. संकटाच्या दिवशी वकिलातीकडे शेकडो फोन येतात. आपली यादी आधीच त्यांच्याकडे असली की आपली मुलं शोधावी लागत नाहीत. २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये युक्रेनमधून हजारो भारतीय विद्यार्थ्यांना ऑपरेशन गंगातून आणलं, तेव्हा कोण कुठे आहे ही माहिती किती मोलाची असते ते सगळ्या देशाने पाहिलं.

पासपोर्ट हरवला तर क्रम असा: आधी स्थानिक पोलिसांत तक्रार आणि तिची प्रत, मग वाणिज्य दूतावासात अर्ज, हरवलेल्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत, फोटो. फक्त भारतात परतायचं असेल तर आणीबाणी प्रमाणपत्र मिळतं. ते एकेरी प्रवासापुरतं असतं. त्यावर दुबईमार्गे जाता येईल का हे एअरलाइनला आधी विचारा, नाहीतर थेट विमानाचं तिकीट काढावं लागेल. पासपोर्टच्या प्रती कुलूपबंद कपाटात किंवा एखाद्या प्राध्यापकाच्या खासगी ड्राइव्हवर नकोत. विद्यापीठाच्या सामायिक ड्राइव्हवर ठेवा, पासवर्ड चौघांकडे. मुलांकडे प्रत्येकी चार जादा फोटो.

अटक झाली तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार आपल्या वकिलातीला कळवा, अशी मागणी करायचा हक्क आहे. हे वाक्य जर्मन भाषेत कार्डाच्या मागे छापा. समजत नसलेल्या कागदावर सही करायची नाही, दुभाषी मागायचा.

मृत्यूबद्दल. पहिला नियम, नाव बाहेर जाण्याआधी घरी कळलं पाहिजे, आणि तेही फोनवर नाही. विद्यापीठातले दोघं जण घरी जाऊन सांगतील, त्यातला एक जण मुलाला ओळखणारा. त्यासाठी एक गाडी आणि चालक रात्रीसुद्धा उपलब्ध हवा. तोपर्यंत तिकडच्या गटाने समाजमाध्यमांवर काही टाकू नये. हे मुलांना त्या वेळी सांगून भागत नाही, निघण्याआधी समजावून ठेवावं लागतं.

पार्थिव आणायला मृत्यूचा दाखला आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, एम्बामिंगचं (पार्थिव टिकवण्याच्या प्रक्रियेचं) प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट, वकिलातीचं ना-हरकत पत्र आणि जवळच्या नातेवाइकाचं अधिकारपत्र लागतं. अपघात असेल तर पोलीस अहवालही. तपास चालू असेल तर वेळ वाढतो, पालकांना खोटी तारीख देऊ नका. खर्च विम्यातून होतो, म्हणून पॉलिसीत पार्थिव परत आणण्याचं कलम आणि त्याची रक्कम बघा. विमा नसलेल्या अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, पण आपण त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

याच संदर्भात, मूल गंभीर असेल तर आईला किंवा वडिलांना तिकडे जायचं असतं आणि दोघांकडेही पासपोर्ट नसतो. २६ पैकी किती घरांत पासपोर्ट आहे ते आत्ताच विचारा. जिथे नाही तिथे एकाचा तरी काढून घ्या. सांगली आणि सातारा हे आपले दोन्ही जिल्हे पुणे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात, पोलीस पडताळणी धरून वेळ लागतो.

सातारी_प्रशासक

पुराचं आणि तालमीचं राहिलं होतं.

२०२१ चा जुलै आठवा. १४-१५ तारखेला पश्चिम जर्मनीत महापूर आला, आखेनजवळची श्टोलबर्ग आणि एश्वायलर ही गावं पाण्यात गेली. जर्मनीत १८० हून अधिक माणसं दगावली. आठवडाभरात इकडे पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या आणि सांगलीत कृष्णा धोक्याची पातळी ओलांडून गेली. म्हणजे दोन्ही टोकं एकाच पंधरवड्यात अडचणीत येऊ शकतात. तिकडे मुलांच्या फोनमध्ये जर्मन सरकारचं नीना हे इशारा देणारं ॲप घालून द्या, त्यात इंग्रजीची सोय आहे. इकडे नियम ठरवा: सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला पोहोचलं की ड्युटी फोन, वही आणि कागद विट्याला किंवा जतला हलवायचे. ४५ फुटांची, म्हणजे धोका पातळीची वाट बघायची नाही. तोवर रस्ते बंद व्हायला लागतात. कागदांचा दुसरा संच तळमजल्यावर ठेवू नका. पूरपट्ट्यातल्या पालकांना स्थलांतर करावं लागलं तर त्यांनीही ड्युटी फोनवर नवा नंबर कळवायचा.

दुबईचा मार्ग असल्याने आणखी एक शक्यता धरा. २३ जून २०२५ ला आखाती देशांनी काही तासांसाठी हवाई क्षेत्र बंद केलं आणि हजारो प्रवासी अडकले. जाणं-येणं एकाच तिकिटावर हवं, म्हणजे पुढची सोय करणं एअरलाइनचं काम होतं. स्वस्तात मिळतात म्हणून दोन तुटक तिकिटं काढली तर ती जबाबदारी आपल्यावर येते.

तिघा शिक्षकांची कामं आधीच वाटून द्या. एक दवाखान्यात, एक उरलेल्या गटाबरोबर, एक फोन आणि कागदांवर. दवाखान्यातल्या शिक्षकाने इकडे फोन करायचा नाही, त्याने फक्त तिसऱ्याला कळवायचं. तिघांतली एक शिक्षिका हवीच.

तालीम सभागृहात, भाषणं करून होत नाही. बैठक दोन तासांची, पण सुरुवात खऱ्या फोनने. एखाद्या रविवारी रात्री पावणेबाराला, अधिकाऱ्यांना दिवस न सांगता, ड्युटी फोनवर कॉल करा: 'सराव आहे. आखेन स्टेशनबाहेर विद्यार्थिनीला सायकलची धडक, बेशुद्ध, दवाखाना हमीपत्र मागतोय.' घड्याळ लावा. फोन किती रिंगला उचलला, पॉलिसी नंबर किती मिनिटांत सापडला, संमतीपत्र सापडलं का, पालकांना लावायचा नंबर खरा निघाला का. तासाभराने चिठ्ठीवर दुसरा प्रसंग द्या: एका स्थानिक पोर्टलने चुकीचं नाव छापलं, आठ पालकांचे फोन एकदम येताहेत. पालकांशी बोलणाऱ्याने 'काळजी करू नका' म्हणायचं नाही. आत्ता किती वाजता काय माहीत आहे, काय माहीत नाही आणि पुढचा फोन किती वाजता येईल एवढंच सांगायचं. मग नवी माहिती नसली तरी त्या वेळेला फोन करायचाच. जूनच्या पहिल्या आठवड्यात तालीम घेतलीत तर उणिवा भरून काढायला महिना मिळेल.

विमा_खिडकी

तालमीत असिस्टन्स कंपनीलाही खरा फोन लावा, सराव आहे असं सांगून. पॉलिसीवर छापलेला १८०० चा टोल-फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाही. +९१ ने सुरू होणारा किंवा जर्मनीतला त्यांचा नंबर लेखी मागून घ्या आणि तोच कार्डावर छापा. पॉलिसीचे दिवस मोजताना परतीनंतरचे चार-पाच दिवस जादा धरा. विमान रद्द झालं तर पॉलिसी तिकडेच संपलेली नको.